दुखावलेला गुडघा आणि रक्तातली स्निग्धद्रव्ये

ठाण्यात काय किंवा ऐरोलीत काय, कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय पकडीत अडकतो, अंग एका बाजूला फिरते आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटतो. अशा वेळी बहुधा काही तासांतच सांध्यात रक्त साचून गुडघा टम्म सुजतो.

या सुजेमागच्या दाहाची सुरुवात पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशातून होते. तिथून सुटलेल्या अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून वेदना आणि सूज वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन ई2 तयार होते, तसेच पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावणारे ल्युकोट्रायीन बी4 देखील. दाह पुढे आपोआप विझतो, असे पूर्वी मानले जाई. मात्र 1984 मध्ये चार्ल्स सेरहान आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्या गटाने लिपॉक्सिन हे दाह शमवणारे रेणू शोधले आणि त्यानंतरच्या संशोधनातून दिसले की दाह आवरता घेणे हेही शरीराचे स्वतंत्र काम आहे. लिपॉक्सिन त्याच अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून बनते, तर रिझॉल्व्हिन ओमेगा-3 आम्लांपासून. नव्या पांढऱ्या पेशींची आवक थांबवणे आणि मेलेल्या पेशी उचलण्यास मदत करणे ही त्यांची कामे. मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

मग गुडघ्यातला दाह आवरतो आहे की नाही, हे रक्तातले हे रेणू मोजून कळेल का? अडचण अशी की ते रक्तात अत्यल्प असतात आणि ते मोजायला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखण्याचे तंत्र, लागते. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते दिसत नाहीत. शिवाय रक्त केवळ गुडघ्याचे नसते. चेंदणी कोळीवाड्यात नियमित बांगडा आणि तारली खाणाऱ्याच्या रक्तात ओमेगा-3 मुळातच शाकाहारी माणसापेक्षा जास्त असते, व्यायामानेही आकडे हलतात, आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके तर प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. म्हणून एकाच खेळाडूचे दुखापतीनंतरचे अनेक नमुने एकमेकांशी ताडून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

ही धडपड आवश्यक आहे, कारण एसीएल तुटलेल्या अनेकांना पुढच्या 10 ते 20 वर्षांत गुडघ्याचा संधिवात गाठतो, आणि रेंगाळलेला दाह कूर्चेची झीज वाढवतो असे मानले जाते. नेहमीच्या उपचारांत या चाचण्या अजून आलेल्या नाहीत. तोवर गोळी घेऊन वेदना थांबली म्हणजे गुडघा बरा झाला, असे समजून मॅटवर उतरू नये. सूज पूर्ण उतरली का, मांडीच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाइतकी झाली का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास निदान 9 महिने तरी थांबावे.