फाईल पाठवताना रोलचा कॉलम रिकामा ठेवा, प्लीज

आम्ही मराठी वाक्यांत रोल टॅग करून देतो, म्हणजे क्रियापदाच्या संदर्भात करणारा कोण, साधन कोणतं, कारण काय, हे नोंदवतो. दर महिन्याला एखादी तरी फाईल अशी येतेच की रोल सॉफ्टवेअरने आधीच भरलेले असतात आणि मेलमध्ये लिहिलेलं असतं, ‘फक्त नजर टाका, तेवढाच रेट कमी होईल’. होत नाही हो, उलट आमचा वेळ दुप्पट जातो. कारण ते रोल प्रत्यय बघून भरलेले असतात, ‘ने’ दिसला की कर्ता, ‘ला’ दिसला की कर्म, आपल्या शाळेतल्यासारखं.

आता बघा, ‘पोलिसाने चोर पकडला’, ‘विळीने कांदा चिरला’, ‘पावसाने भिंत पडली’. तिन्हीकडे ‘ने’च, पण पहिला करणारा, दुसरं साधन, तिसरं कारण. ‘ला’ त्याहून आगाऊ. मुलाला मारलं तर तो मार खाणारा, मुलाला खाऊ दिला तर घेणारा, मुलाला आंबा आवडतो तर नुसता अनुभवणारा, नाशिकला गेला म्हणजे ठिकाण, आणि जुडी वीस रुपयाला म्हणजे चक्क किंमत.

म्हणून आम्ही आधी क्रियापदाचा अर्थ ठरवतो, मग रोल. हे आमचं खूळ नाही, इंग्रजीच्या प्रॉपबँकमध्येही (रोल टॅग केलेल्या वाक्यांचा संग्रह) क्रियापदाच्या प्रत्येक अर्थाला रोलची वेगळी यादी आहे, आणि विभक्ती म्हणजे प्रत्यय वेगळी, कारक म्हणजे क्रियेतली भूमिका वेगळी, हे तर पाणिनीपासून चालत आलंय. एकट्या ‘लागणे’चं घ्या ना, फोन लागला, नोकरी लागली, ठेच लागली, आमटी तिखट लागली, दोन तास लागले, आणि ‘ती रडायला लागली’मध्ये तर ते नुसतं सहायक, रोल सगळे रडण्याचे. रेट शब्दांवर नाही, क्रियापदांवर का, ते आता कळलं असेल.

‘एकाच फाईलला दोन माणसं कशाला’ हेही सगळे विचारतात. दोघं एकमेकांचं न बघता टॅग करतात, जिथे जुळत नाही तिथे तिसरी मॅडम निकाल देतात. पण कॉलम आधीच भरलेला असला की दोघंही त्यालाच मान डोलावतात, मग ते एकमेकांशी जुळले की तुमच्या सॉफ्टवेअरशी, काही कळायला मार्ग नाही.

वाक्यंसुद्धा सुटी करून पाठवू नका, मागचं-पुढचं एकेक राहू द्या. मागे एका फाईलमध्ये होतं ‘सुऱ्याने दोर कापला’. सुऱ्या नावाचा पोरगा की सुरा? अर्धा तास वाद.

पहिली पन्नास वाक्यं आम्ही फुकट करून देतो, ती बघा, पटलं तर ऑर्डर द्या. एक्सेल चालेल, साधी टेक्स्ट फाईलही चालेल, पीडीएफ मात्र नको, त्यातून जोडाक्षरं फुटून येतात आणि आधी तेच निस्तरत बसावं लागतं.