पार्श्वभूमी : थीम पार्कांतली रांग यंत्राच्या हाती कशी गेली

माळेगावच्या यात्रेत रात्री आकाशपाळण्याभोवती गर्दी दाटली की पाळणेवाला फेऱ्या कमी करतो. पैसे तेच, पण दुपारी पोट ढवळेपर्यंत फिरवणारा पाळणा रात्री चटकन थांबतो. कुणी कुरकुरलं तर भोंग्याचा आवाज वाढवायचा आणि पुढची पोरं बसवायची. जगातल्या बड्या थीम पार्कांचं गणितही इथूनच सुरू होतं. समजा, रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जागा आहेत आणि दर ९० सेकंदांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला ४० फेऱ्या, ९६० माणसं. कितीही संगणक आणले तरी ही संख्या फारशी वाढत नाही. प्रश्न उरतो तो खाली ताटकळलेल्यांचा.

१७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं. निमंत्रणं १५ हजारांच्या आसपास होती, आले सुमारे २८ हजार. बनावट तिकिटांचा सुळसुळाट झाला होता, आणि कुणी पठ्ठ्या कुंपणाला शिडी लावून पैसे घेऊन लोक आत सोडत होता, असंही सांगतात. त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तिका आली. साध्या खेळांना ‘ए’, त्याहून बऱ्यांना ‘बी’ आणि ‘सी’ अशी चढती अक्षरं. १९५९ मध्ये सगळ्यात भारी खेळांसाठी ‘ई’ तिकीट निघालं. पुस्तिकेत भारी तिकिटं मोजकीच असत. ती संपली की माणूस आपसूक दुसऱ्या खेळांकडे वळे. गर्दी पांगवण्याचं हे कागदी यंत्र होतं आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच यंत्रांपेक्षा सरस होतं. १९८२ मध्ये पुस्तिका बंद झाल्या. एकदा प्रवेश घेतला की सगळे खेळ खुले. मग जो तो त्याच चार-पाच खेळांकडे धावणार, हे ओघानंच आलं. खेळाची किंमत आता पैशांऐवजी मिनिटांत चुकती होऊ लागली.

रांगेचा अभ्यास त्याआधीपासून चालू होताच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये फोन कॉलच्या गर्दीवर निबंध लिहिला, तिथून या शास्त्राची सुरुवात मानतात. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक सुटसुटीत नियम सिद्ध केला: तासाला किती माणसं येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ थांबतो, यांचा गुणाकार म्हणजे रांगेतली सरासरी माणसं. पार्कच्या फलकावरचा ‘४५ मिनिटे’ हा आकडा याच जातीच्या हिशेबातून येतो. तो पडताळायची डिस्नेची पद्धत मजेशीर होती. रांगेच्या तोंडाशी कर्मचारी एखाद्या पाहुण्याच्या हाती दोरीचं लाल कार्ड देई आणि वर गाडीपाशी ते परत घेतलं जाई. दोन्ही ठिकाणी नोंद झाली की मधला वेळ कळला. फलकावरचा आकडा बऱ्याचदा किंचित फुगवलेलाच असतो. ४५ सांगून ३५ मिनिटांत नंबर लागला तर कोण तक्रार करतो?

खरी उलथापालथ १९९९ ची. डिस्नेनं ‘फास्टपास’ आणला. खेळाच्या दाराशी यंत्रात तिकीट घालायचं, परत यायची एका तासाची मुदत छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि तोवर मोकळं हिंडायचं. फुकट. हिंडणारा माणूस खातो-पितो, दुकानात शिरतो, हे पार्कच्या पथ्यावरच पडलं. २००१ मध्ये लो-क्यू या ब्रिटिश कंपनीनं अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्ज ओव्हर जॉर्जिया पार्कात ‘क्यू-बॉट’ हे हातात मावणारं यंत्र भाड्यानं द्यायला सुरुवात केली. यंत्र तुमच्या वतीनं रांगेत उभं राहायचं.

यातली मेख तुळजापूरच्या दर्शनबारीत नवरात्रात उभ्या राहिलेल्याला वेगळी सांगायला नको. पासवाले बाजूनं आत जाऊ लागले की बारी जागची हलत नाही. आपल्या २४ जागांच्या गाडीत १८ जागा पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला तासाला उरतात २४०. त्या रांगेत ४८० माणसं असतील, तर पास नसताना अर्ध्या तासात लागणाऱ्या नंबरासाठी दोन तास उभं राहावं लागतं.

२०१३-१४ मध्ये फ्लोरिडाच्या डिस्नेत मनगटावरचे पट्टे आले. खोलीची किल्ली, प्रवेश, पैसे, फास्टपास सगळं त्यातच. या प्रकल्पावर सुमारे १०० कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. महिना-महिना आधी घरबसल्या वेळ राखायची सोय झाली. पण त्यामुळे सुट्टीचं वेळापत्रक रेल्वेच्या आरक्षणाइतकं घट्ट झालं आणि आयत्या वेळी आलेला कोरडाच राहिला. युनिव्हर्सलनं २०१७ मध्ये व्होल्कॅनो बे या वॉटर पार्कात बहुतेक घसरगुंड्यांना पट्ट्यावरची आभासी रांग लावली. सुरुवातीला ती तासन्तास लांबली. उभं राहायचं नव्हतं हे खरं, पण एका वेळी एकाच घसरगुंडीसाठी नाव नोंदवता येत असल्यानं लोक नुसते बसून राहिले. २०२१ मध्ये डिस्नेनं फुकट फास्टपास मोडीत काढून त्या जागी पैसे देऊन मिळणारी सेवा आणली. खेळनिहाय किंमत १९८२ मध्ये पुढच्या दारानं गेली होती, ती मागच्या दारानं परत आली.

आपल्याकडे मुंबईजवळ गोराईत एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये. इमॅजिकाचा एक्सप्रेस पास असो की वंडरलाचा फास्टट्रॅक, आपल्याकडे ही सोय आली ती पैसे मोजून घ्यायची म्हणूनच. फुकट चिठ्ठीचा टप्पा गाळला गेला. नांदेड-लातूरकडून रात्रभर बसनं जाणाऱ्या शाळेच्या सहलीत माणशी वर्गणी आधीच ताणून काढलेली असते. त्यामुळे सहलीची पोरं साध्या रांगेतच असतात, आणि सहलींच्या हंगामात एकाच दिवशी अनेक शाळांच्या बसगाड्या येऊन थडकल्या की सगळ्यात लांब होते ती हीच रांग. जाणते शिक्षक म्हणून दार उघडताच पोरांना आधी पार्कच्या पार टोकाच्या खेळांकडे पिटाळतात, कारण बाकीचे सगळे दाराजवळच्या पहिल्या खेळालाच चिकटलेले असतात.