शमादान

शमादान : मेणबत्ती सरळ उभी धरणारे आणि तिचे वितळलेले मेण झेलणारे घरगुती उपकरण. 'शमा' म्हणजे मेणबत्ती, 'दान' म्हणजे ठेवायची जागा. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत जुना आहे. रोजच्या बोलण्यात मात्र आता 'मेणबत्तीचा स्टँड' एवढेच म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कानडी शेजारी 'मेणदबत्ती' म्हणतो तेव्हा मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही.

समई, निरांजन किंवा ठाणवई यांहून शमादान वेगळे. तेलाच्या दिव्याला पात्र लागते आणि त्या पात्रावरून दिव्याचा आकार ठरतो. मेणबत्तीत इंधन स्वतःच उभे असते, त्यामुळे कारागिराला बैठक आणि खोड (मधली उभी दांडी) घडवायला मोकळीक मिळते. हिंदू देवघरात समईची जागा शमादानाने घेतली नाही. ते दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलावर आणि चर्चच्या वेदीवर राहिले.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला. लष्करी बंगल्यांचे रुंद व्हरांडे आणि दोरीने ओढायचे पंखे मेणबत्तीचे शत्रूच. म्हणून हिंदुस्थानात शमादानावर काचेची उंच हंडी बसवण्याची पद्धत रूढ झाली. काच आणि दांडी एकत्र टिकलेला असा जुना नग मोलाचा समजावा, कारण काच आधी फुटते. चर्चची परंपरा याहून निराळी. शेजारच्या गोव्यातील चर्चमध्ये कातीव लाकडाची, सोनेरी मुलामा दिलेली उंच शमादाने दिसतात. सीमाभागाच्या दुसऱ्या टोकाला, बिदरमध्ये, जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकून बिदरी शमादाने घडवतात. धातू काळा करण्यासाठी किल्ल्यातील माती वापरतात. काळ्या अंगावरची चांदी मेणबत्तीच्या हलत्या उजेडात जशी उठते तशी विजेच्या दिव्याखाली उठत नाही.

पितळी शमादान जुने आहे की जुन्याची नक्कल, हे नक्षीपेक्षा ओतकामावरून जास्त कळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (ओतशाळेत) काम केलेल्याला हे चटकन उमजेल. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बराच काळ इंग्लंडमध्ये खोड दोन अर्ध्या भागांत ओतून झाळून जोडत. खोडावर फुंकर मारली की वाफ धरते आणि उभी सांध्याची रेघ क्षणभर दिसते. पुढे साच्यात कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) घालून एकसंध पोकळ खोड ओतू लागले, तेव्हा ही रेघ गेली. तळही पाहावा: खऱ्या वापराने बैठकीच्या कडा गुळगुळीत होतात, पण सगळीकडे सारख्या नाहीत. सतराव्या शतकातील खोडाच्या मधोमध असलेली रुंद ताटली चरबीच्या मऊ, फार गळणाऱ्या मेणबत्त्यांसाठी सोयीची होती. एकोणिसाव्या शतकात स्टिअरिन आणि पॅराफिनच्या टणक मेणबत्त्या आल्या. त्या कमी गळत, म्हणून मेण झेलायला वरच्या खोबणीभोवतीची लहानशी कडही पुरू लागली.

चांदीचे दिसणारे प्रत्येक शमादान चांदीचे नसते. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवण्याची इंग्लंडमधील शेफील्ड शहराची पद्धत १७४३ च्या सुमाराची. तिथे कडा झिजल्या की तांबूस रंग डोकावतो. एकोणिसाव्या शतकात विजेने मुलामा देणे सुरू झाले आणि असा माल स्वस्त झाला.

आजच्या घरांत टी-लाइटचे दिवस आहेत. अॅल्युमिनियमच्या वाटीतील या मेणबत्तीचा व्यास साधारण ३८ मिमी असतो, त्यामुळे आधाराला खोडाची गरजच उरत नाही. मातीची उथळ वाटीही चालते. खानापूरची माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही आहे. दिवाळीच्या पणतीवर बसलेल्या हाताला टी-लाइटची वाटी अवघड नाही. बैठक मात्र रुंद हवी. वीज गेल्यावर उलट्या वाटीवर मेण सांडून चिकटवलेली मेणबत्ती धक्क्याने पडते, आणि घरात लहान मूल असेल तर तो धोका पत्करू नये.

जुन्या पितळेला चिंच-मीठ लावून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. घासण्याने कारागिराचे ठसे आणि नक्षीच्या धारा बोथट होतात. साचलेले मेण सुरीने खरवडू नये, कोमट पाण्यात मऊ करून कापडाने पुसावे. चांदीच्या पातळ पत्र्याचे शमादान मात्र पाण्यात बुडवू नये. तोल राखण्यासाठी त्याच्या पोटात राळ भरलेली असते, आणि गरम पाण्याने ती पातळ होऊन खोड कलते.