ओला-उबर चालवता? मग इन्कम टॅक्स रिटर्न कोणी भरायचं, कसं भरायचं, कागद कोणते लागतात

अख्ख्या देशातले इन्कम टॅक्सचे अधिकारी ट्रेनिंगला आपल्याच नागपुरात छिंदवाडा रोडच्या अकादमीत येतात, आणि त्यांना स्टेशनवरून तिथे सोडणाऱ्या ड्रायव्हर भावाला मात्र स्वतःच्या रिटर्नबद्दल धड कोणी सांगत नाही, हे मला फार खटकते. म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. ही माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ ची आहे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ ची कमाई. नवीन कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला तरी या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचं आहे.

पहिली गोष्ट, अ‍ॅपवर गाडी चालवणारा कंपनीचा नोकर नसतो, त्याची कमाई पगार नाही तर धंद्याचं उत्पन्न धरली जाते. गाडी स्वतःची असो की मालकाला रोजचं भाडं देऊन चालवत असाल, दोन्हीत तेच. फक्त मालक तुम्हाला महिन्याचा बांधलेला पगार देत असेल तर तो पगार. आणि दिवसा बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी अन् संध्याकाळी गाडी, असं असेल तर दोन्ही कमाई एकाच रिटर्नमध्ये दाखवायची. पगारावरचं ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन (म्हणजे सरसकट वजावट) गाडीच्या कमाईवर मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता सगळ्यात जास्त गडबड जिथे होते ते. बऱ्याच जणांना वाटते की बँकेत जमा झालं तेवढीच आपली उलाढाल, पण तसं नाही भाऊ, गिऱ्हाईकाने दिलेलं पूर्ण भाडं ही उलाढाल, कंपनीने त्यातून कापलेलं कमिशन हा तुमचा खर्च, आणि कॅशमध्ये हातात आलेलं भाडंही त्यातच येते. कंपनी कलम १९४-ओ खाली टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापते तेव्हा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या २६एएस आणि एआयएस या तुमच्या टॅक्स-कमाईच्या नोंदींमध्ये हीच मोठी रक्कम दिसते, आणि तुम्ही रिटर्नमध्ये बँकेतली छोटी रक्कम टाकली की दोन्ही जुळत नाही अन् नोटीस येते. हा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे, आधी १ टक्का होता. वर्षाचं एकूण भाडं ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापतच नाहीत. दोन्ही दिलं नसेल तर थेट ५ टक्के जातात, म्हणून अ‍ॅपमध्ये पॅन अपलोड झालं की नाही ते आजच पाहा.

लहान धंदेवाल्यांसाठी कलम ४४एडी आहे. हिशोबाच्या वह्या ठेवायची गरज नाही, ऑनलाइन आलेल्या भाड्यावर कमीत कमी ६ टक्के आणि कॅशवर ८ टक्के नफा दाखवायचा. (कलम ४४एई कोणी सुचवलं तर नाही म्हणा, ते मालवाहू गाड्यांसाठी आहे, टॅक्सीसाठी नाही.) समजा ऑनलाइन ६ लाख आणि कॅश ३ लाख, तर ३६,००० अधिक २४,००० मिळून किमान ६०,००० नफा झाला. आणि रिटर्न भरून देणारा नेमका तेवढाच टाकून मोकळा होतो.

माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. पेट्रोल, सीएनजी, कमिशन, मेंटेनन्स, इन्शुरन्स, लोनचं व्याज जाऊन हातात खरंच ३ लाख ८० हजार राहत असतील तर तेच दाखवा. कायद्यातच आहे की यापेक्षा जास्त कमाई असेल तर जास्त दाखवायची. आणि त्याचा खर्च तरी काय? नवीन रिजीममध्ये (टॅक्सच्या नवीन पद्धतीत) ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही, आणि कलम ८७ए च्या सवलतीमुळे १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंतही टॅक्स शून्य येतो. म्हणजे खरं दाखवून एक रुपया जात नाही, पण उद्या दुसरी गाडी घ्यायला बँकेत गेलात की ते दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात, तिथे ६०,००० पाहून कोण लोन देईल? आणि बोलू नये पण बोलावं लागते, रस्त्यावरचं काम आहे, अपघात झालाच तर क्लेमच्या कोर्टात नुकसानभरपाई तुमच्या उत्पन्नावरूनच ठरते आणि तिथे रिटर्न हा मोठा पुरावा असतो. घरच्यांच्या हाती तोच कागद राहतो.

खर्च खूप असेल, गाडी नवीन असेल, खरा नफा ६-८ टक्क्यांच्याही खाली असेल तरच आयटीआर-३ या पूर्ण हिशोबाच्या रिटर्न फॉर्मचा विचार करा. त्यात टॅक्सीवर वर्षाला ३० टक्के घसारा (गाडीची किंमत उतरते त्याची वजावट) मिळतो, ईएमआयमधलं फक्त व्याज खर्चात धरतात, मुद्दल नाही. पण वह्या, बिलं, सीए, कधी ऑडिटही, सगळं आलं. आणि ४४एडी घेऊन मधेच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही.

कागद जास्त नाहीत. आधारशी लिंक असलेलं पॅन, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि वर्षाचं स्टेटमेंट, प्रत्येक अ‍ॅपमधून काढलेला वर्षाचा कमाईचा हिशोब, आणि पोर्टलवरून २६एएस व एआयएस. लोनचं व्याज सर्टिफिकेट आणि इन्शुरन्सच्या पावत्या खरा नफा काढायला जवळ ठेवा. रिटर्नला काहीच जोडायचं नसते, विचारलं तर दाखवायचं.

मग इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून असेसमेंट इयर २०२६-२७ आणि आयटीआर-४ (४४एडी घेणाऱ्यांचा फॉर्म) निवडा, धंद्याच्या प्रकारात पॅसेंजर लँड ट्रान्सपोर्ट, ऑनलाइन आणि कॅश भाडं वेगवेगळ्या रकान्यात, कापलेला टीडीएस तपासून घ्या म्हणजे तो रिफंड येईल, त्यासाठी बँक खातं आधी व्हॅलिडेट केलेलं पाहिजे. जुनी रिजीम हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर १,००० आणि ५ लाखांच्या वर असेल तर ५,००० लेट फी लागते. आणि सबमिट केल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, ते राहिलं तर भरलेलं रिटर्न वेळेत भरलं असं धरत नाहीत.