शेतकरी आठवडे बाजारात स्टॉल लावायचाय? कुठला कागद कशाला लागतो ते आधी समजून घ्या

आमच्या गटातल्या बऱ्याच जणांचे फॉर्म मी भरून दिलेत आणि दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लायसन्स लागतं का हो?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण ते तुमच्यावर नाही तर तुमच्या टेबलावर काय मांडलंय त्यावर ठरतं. एका बाजूला मेथीच्या जुड्या आणि दुसऱ्या बाजूला घरी दळलेल्या हळदीची पाकिटं असतील तर अर्ध्या टेबलाला अन्न परवाना लागत नाही आणि अर्ध्याला लागतो. ही रेघ कुठे आहे ते कळलं नाही की मग काही जण भाजी विकायला उगाच एजंटला पैसे देतात आणि काही जण लोणच्याच्या बरण्या बिनधास्त कागदाशिवाय विकत बसतात. मी दोन्ही बघितलंय.

आधी साधा शेतमाल घेऊ. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की हा कायदा शेतकऱ्याला आणि त्याने शेतावर पिकवलेल्या मालाला लागू नाही. म्हणजे स्वतःच्या रानातली भाजी, फळं, कांदा जसा निघाला तसा तुम्ही स्वतः विकत असाल तर त्याला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागत नाही. पण शेजाऱ्याचा किंवा मार्केटमधून आणलेला माल विकायला घेतलात की त्या मालापुरते तुम्ही शेतकरी राहत नाही, विक्रेते होता, आणि विक्रेत्याला रजिस्ट्रेशन लागतं. बाजार समितीचं म्हणाल तर जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनातून मुक्त केला, त्यामुळे यार्डाबाहेर थेट गिऱ्हाइकाला भाजी विकायला समितीचा परवाना किंवा सेस काही नाही. त्याच काळात कृषी पणन मंडळाचं संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं आणि शहरातून असे बाजार वाढत गेले.

आता बाजारात जागा मिळवायची तर आयोजक तुम्ही खरंच शेतकरी आहात याचा पुरावा मागतात आणि तो मागायलाच पाहिजे, नाहीतर चार महिन्यांत तिथे सगळे व्यापारीच बसलेले दिसतात. साधारणपणे सातबारा, आठ-अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा खाते उतारा), आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो एवढं तयार ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या वेबसाइटवरून स्वतः काढता येतो आणि तो चालतो, त्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालायची गरज नाही. लोक चुकतात ते पुढच्या गोष्टीत. सातबाऱ्यावर पीक पाहणीच्या रकान्यात तुमचं पीक दिसलं पाहिजे. तुम्ही टोमॅटो विकायला बसणार आणि उताऱ्यावर नुसता ऊस दिसतोय तर आयोजक शंका घेणारच, म्हणून ई-पीक पाहणी ॲपवर हंगामाच्या मुदतीत नोंद करून टाका, अगदी दहा गुंठ्यांची भाजी असली तरी. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर नोंदणीचा दाखला, सभासदांची यादी आणि स्टॉलवर कोण बसणार त्याचा ठराव.

आता हळद, लोणचं, पापड, तूप, गूळ, चटण्या, ज्यूस. इथे माल शेतमाल राहिला नाही, तो अन्नपदार्थ झाला आणि त्याच अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स लागतं. छोट्या लोकांसाठी रजिस्ट्रेशनच पुरतं. २०११ च्या नियमावलीत त्यासाठी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल ही मर्यादा ठेवली होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. असे आकडे वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून अर्ज भरताना पोर्टलवर जो दिसेल तोच धरा, कुणाच्या जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवरचा नको. दूध थेट गिऱ्हाइकाला विकत असाल तर तेही काढून घ्या, सूट आहे ती सहकारी डेअरीचा सभासद असून सगळं दूध तिथेच घालणाऱ्याला.

अर्ज फॉसकॉस या एफएसएसएआयच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. एक फोटो, एक सरकारी ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा पुरावा म्हणून लाइट बिल वगैरे. बस. कागद थोडेच आहेत, पण धंद्याचा प्रकार निवडताना लोक घसरतात. आमच्या गटातल्या एका ताईंनी आंब्याचं लोणचं घरी घालून बाजारात विकायचं ठरवलं, फॉर्ममध्ये त्यांनी रिटेलर टाकलं कारण "मी तर विकतेच ना", आणि पत्ता दिला बाजाराच्या मैदानाचा. अर्ज शंका लावून परत आला. लोणचं बनतं कुठे, तर घरी, म्हणजे प्रकार येतो छोट्या उत्पादकाचा आणि पत्ता यायला पाहिजे घराचा. रजिस्ट्रेशन माणसापेक्षा जागेला चिकटलेलं असतं हे लक्षात ठेवा. दुरुस्ती करून पाठवल्यावर त्यांचं काम झालं, पण मधले दोन बाजार बुडाले आणि लोणच्याचा सीझन काही कुणासाठी थांबत नाही.

अर्ज गेल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने एकतर मंजूर करायचं, नाकारायचं किंवा तपासणीची नोटीस द्यायची असा नियम आहे, त्यामुळे अर्जाचा रेफरन्स नंबर जपून ठेवा आणि पोर्टलवर बघत राहा, शंका आली की लगेच उत्तर द्या. मंजूर झालं की १४ अंकी नंबर येतो. २ ने सुरू झाला तर रजिस्ट्रेशन, १ ने सुरू झाला तर लायसन्स, दुसऱ्याचा नंबर कुणी छापून वापरत असेल तर तो पोर्टलवर टाकून कुणीही तपासू शकतं. दाखल्याची प्रिंट स्टॉलवर दिसेल अशी लावा.

पाकीट किंवा बरणी बंद करून विकता तेव्हा लेबल आलं. पदार्थाचं नाव, काय काय घातलंय, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, सगळे कर धरून कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआय नंबर आणि शाकाहारी असेल तर चौकोनातला हिरवा ठिपका. पोषणमूल्यांचा तक्ता आणि इतर बारीक अटी पदार्थाप्रमाणे बदलतात, त्या बघूनच लेबल छापायला टाका, नाहीतर हजार स्टिकर वाया जातात. मोकळी भाजी तोलून देता त्याला यातलं काही नाही.

जीएसटीची भीती अनेकांना असते. स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे नोंदणी लागत नाही, आणि प्रक्रिया केलेल्या मालालाही राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर एकूण उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय नाही.

आता वजनकाटा, ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तुमचा काटा उलटा करून बघा, बाजूला तारेने बांधलेलं शिशाचं छोटं सील असतं, त्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर ठोकलेलं असतं. ते नसेल किंवा मुदत गेलेली असेल तर काटा कितीही बरोबर तोलत असला तरी तो कायद्याने चालत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजनं आणि दांडीच्या तराजूची २४ महिन्यांनी, वैधमापनशास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे. सोबत दाखला मिळतो तो काट्याजवळच ठेवा. ऑनलाइन मिळणारा किचनचा स्वस्त काटा घेऊ नका, ज्याच्या मॉडेलला मंजुरी नाही त्यावर शिक्का बसतच नाही. आणि वजन म्हणून दगड किंवा बॅटरीचा सेल ठेवणं आता तरी बंद करा, त्यात नुकसान झालं तर गिऱ्हाइकाचं होतं आणि नाव सगळ्या शेतकऱ्यांचं खराब होतं.

"सेंद्रिय" असा बोर्ड लावताना जरा थांबा. सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत, त्यात स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण प्रक्रिया केलेल्या मालाला ती नाही आणि प्रमाणपत्राशिवाय जैविक भारत हा सेंद्रिय मालाचा सरकारी लोगो छापता येत नाही. लोगो पाहिजे तर पीजीएस (शेतकरी गटाने एकमेकांची तपासणी करायची पद्धत) किंवा एनपीओपी (बाहेरच्या संस्थेकडून तपासणी) यातलं एक प्रमाणपत्र घ्या. आंबा-केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइडला पूर्ण बंदी आहे, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) चालतो, आणि पुडीतलं कार्बाइड शेजारचा वापरतोय म्हणून आपणही वापरायचं असं करू नका, ते लहान मुलांच्या पोटात जातं.

पातळ प्लॅस्टिक पिशवीवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कापडी पिशवीला गिऱ्हाइकाकडून पैसे मागायला लाजू नका, लोक देतात.

बाजार स्वतः भरवणार असाल तर जागेच्या मालकाची लेखी परवानगी पहिली. जागा महापालिकेची किंवा नगरपरिषदेची असेल तर त्यांचा आदेश, सोसायटीची असेल तर कमिटीचा ठराव, आणि रस्त्यावर गाड्या लागणार असतील तर वाहतूक पोलिसांना पत्र. २०१६ च्या घनकचरा नियमांनी १०० पेक्षा जास्त लोक जमणार असतील तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायची आणि ओला-सुका कचरा वेगळा करायची जबाबदारी आयोजकावर टाकली, ते पत्र देऊन पोच घ्या, पोच नसलेलं पत्र दिलंच नाही असं धरलं जातं. प्रत्येक स्टॉलच्या मागे एक फाइल ठेवा, सातबारा, अन्न रजिस्ट्रेशन, काट्याचा दाखला, आणि मुदत कधी संपते ती तारीख फाइलच्या बाहेर मोठ्या अक्षरात लिहा. आम्ही ती तारीख जाड मार्करने लिहितो, आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी एक जण सगळ्या फाइली चाळून ज्याची मुदत महिन्याभरात संपतेय त्याला फोन करतो.