श्लेष्मकवकांचे फलपिंड व बीजुके : सूक्ष्मरचना

मिक्सोमायसीटीज गटातील श्लेष्मकवके खऱ्या कवकांपैकी नसून अमीबांच्या जवळची आहेत. कुजक्या लाकडावर किंवा पालापाचोळ्यात पसरणारा त्यांचा बहुकेंद्रकी जीवद्रव्याचा पिंड, म्हणजे प्लाझ्मोडियम, अन्न संपल्यावर किंवा परिस्थिती बदलल्यावर फलपिंडांत, म्हणजे बीजुके (पुनरुत्पादनाचे सूक्ष्म कण) धारण करणाऱ्या रचनांत, रूपांतरित होतो. बहुतेक फलपिंड काही मिलिमीटरच उंच असतात. बीजुके वगळता त्यांतील देठ, आवरण आणि आतील तंतू हे सारे पेशींचे बनलेले नसून जीवद्रव्यातून निर्माण झालेल्या निर्जीव पदार्थांचे असते. तरीही जातींची ओळख मुख्यतः याच निर्जीव भागांवरून पटते, ही या गटातील सर्वांत विलक्षण बाब होय.

बीजुकांच्या राशीत विणलेल्या तंतूंना कॅपिलिशियम म्हणतात. फायसरम प्रजातीत हे तंतू नाजूक असून त्यांच्या गाठींत कॅल्शियम कार्बोनेटचे कण साठलेले दिसतात, तर डिडिमियममध्ये तोच चुना आवरणाच्या पृष्ठभागावर बहुधा ताऱ्यासारख्या स्फटिकांच्या रूपात आढळतो. आम्लयुक्त माध्यमात चुना विरघळत असल्याने अशा नमुन्यांची काचपट्टी करताना माध्यमाची निवड जपून करावी लागते; ही काळजी न घेतल्यास ओळखीचा मुख्य पुरावाच नाहीसा होतो. ट्रायकियामधील तंतू सुटे, टोकांशी निमुळते आणि मळसूत्रासारख्या सर्पिल पट्ट्यांचे असतात. हवेतील आर्द्रतेनुसार ते पीळ घेतात व त्यामुळे बीजुके हळूहळू मोकळी होतात. स्टेमोनायटिसमध्ये देठ आत स्तंभिकेच्या, म्हणजे मधल्या खांबासारख्या दांड्याच्या, रूपाने वर जातो आणि तिच्यापासून फुटलेल्या शाखा पृष्ठभागालगत बारीक जाळे विणतात. क्रिब्रेरियात मात्र कॅपिलिशियम नसते. तेथे आवरणाचाच काही भाग जाळीच्या रूपात टिकून राहतो.

बीजुके बहुधा गोलाकार असून त्यांचा व्यास साधारणतः ५ ते २० मायक्रोमीटर असतो. त्यांच्या भित्तीवर काटे, चामखिळीसारखे उंचवटे किंवा जाळीदार कंगोरे असतात. प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली केवळ खरखरीत भासणाऱ्या भित्तीची नेमकी नक्षी क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट होते. राशीचा रंगही महत्त्वाचा असतो : फायसरम व स्टेमोनायटिस यांच्या गटात ती गडद तपकिरी ते काळी, तर ट्रायकियाच्या गटात पिवळी, लालसर किंवा फिकट असते. पाणी मिळाल्यावर भित्ती फाटते किंवा तिला छिद्र पडते आणि आतून अमीबासदृश अथवा कशाभिकायुक्त (चाबकासारखा तंतू असलेल्या) पेशी बाहेर येतात.