घरावर आलेला ड्रोन पाडायचा हक्क आहे? नाही
‘माझ्या छपरावरचं आकाश माझं, तिथला ड्रोन मी पाडणार’ हा समज अमेरिकेत अजून हटत नाही. १९४६ च्या कॉस्बी खटल्यातच सर्वोच्च न्यायालयानं आकाशापर्यंतची मालकी निकालात काढली. कोंबड्यांच्या शेतावरून ८३ फुटांवर विमानं जात होती. मालकाचा भरपाईचा हक्क मान्य झाला, पण हक्क नेमका किती फुटांपर्यंत, हे ठरलंच नाही. सगळी भांडणं त्या फटीतली.

दाखला देतात तो २०१५ च्या केंटकीचा: ड्रोनवर बंदूक झाडणारा स्थानिक न्यायालयात सुटला. पुढे संघीय न्यायालयानं ड्रोनमालकाचा दावा अधिकारक्षेत्राअभावी फेटाळला, म्हणजे मूळ प्रश्न अनुत्तरितच. संघीय कायद्यात ड्रोन हे विमान. ते पाडल्यास २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ड्रोनचे सिग्नल अडवणारा जॅमरही बेकायदाच.

त्यापेक्षा रिमोट आयडी, म्हणजे ड्रोन उडताना स्वतःच्या ओळखीचा जो रेडिओ संकेत पाठवतो तो, वाचणारं अ‍ॅप उघडा. ड्रोनचा क्रमांक, उंची आणि बहुधा चालवणारा कुठे उभा आहे तेही दिसतं. नाव मात्र पोलीसच काढू शकतात. चित्रीकरणात ड्रोनसोबत छपराची कडही येऊ द्या, नाहीतर उंचीचा अंदाज कुणालाच येत नाही. खासगीपणाची तक्रार पोलिसांकडेच करा. हवाई प्राधिकरण सुरक्षितता बघतं. एक अडचण उरतेच: २५० ग्रॅमखालच्या, निव्वळ हौसेच्या ड्रोनला रिमोट आयडीची सक्ती नाही.